माझे नवरदेव मेंढ्यानं खाल्ले

वय विचाराल तर सांगणार नाही. स्वभाव विचाराल तर लगेच सांगते: मी एक जुनी, जाड मुळांची, खरबरीत पानांची आणि अतिशय रागावलेली वनस्पती आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर आत्ताच उठा. माझ्याकडे गोड काही नाही. माझं मूळसुद्धा कडू लागतं.

न्यूझीलंडच्या शेवटच्या टोकाच्याही पुष्कळ खाली, जिथे यायचं म्हटलं की जहाजाच्याही जिवावर येतं, तिथे माझं बेट आहे. मेंढ्या राखायला आलेली माणसं त्याला नुसतं 'खडक' म्हणायची. इथे वारा कामाला आल्यासारखा रोज येतो आणि सुट्टी घेत नाही. पाऊस आडवा पडतो. ऊन म्हणजे घाईतला पाहुणा. आला आला म्हणेपर्यंत चपला घालून निघालेला.

अशा ठिकाणी लग्न जमणं म्हणजे काय दिव्य असतं, ते तुम्हाला काय कळणार! तुमच्या जास्वंदीला, तुमच्या भोपळ्याला भुंगे आहेत, मधमाश्या आहेत, फुलपाखरं आहेत. आमच्याकडे त्यातलं कुणी नाही. इथे किड्यानं पंख उघडले की तो थेट समुद्रात. म्हणून कित्येक किड्यांनी पंखच टाकून दिले. ते बापडे पायी चालतात. उरल्या बारीक माश्या. ढग आला की त्या दगडाखाली, ऊन आलं की बाहेर.

तरी प्रत्येकीनं आपापली सोय केलेली आहे. माझ्या शेजारी एक हिरवी उशी आहे, जमिनीला चिकटून बसलेली, गोलमटोल. तिच्या एकाच फुलात नवरा आणि नवरी, दोघंही. घरातलं लग्न घरात! पलीकडचं गवत पराग वाऱ्यावर सोडून देतं. लागला तर लागला. खालच्या ओढ्याकाठी एक बाई आहेत, त्या बी वगैरेच्या भानगडीत पडतच नाहीत. मूळ पुढे सरकवायचं, कोंब काढायचा, की झाली मुलगी.

आमचं घराणं मात्र अडेलतट्टू. आमच्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. परसातली पपई पाहिली आहे ना? तसंच. नराला फुलं येतात, पराग येतो, बी कधीच येत नाही. मादीला बी येतं, पण जवळपास नर फुललेला असेल तरच. आणि आम्ही दर वर्षी फुलतही नाही. मधली कितीतरी वर्षं नुसती पानं वाढवत बसतो, आणि मग एखाद्या बऱ्या उन्हाळ्यात सगळ्या उताराला एकदम आठवण येते. तेव्हा छत्रीएवढे घोस निघतात, गडद जांभळे. गडद रंगात ऊब धरते. गारठलेली माशी अंग शेकायला नराच्या घोसावर बसते, पायाला पिवळी धूळ लावून घेते आणि ढग यायच्या आत माझ्याकडे शेकायला येते. संपलं लग्न. ना मांडव, ना वाजंत्री.

मित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझं सगळं वाटोळं ह्याच्यावरूनच झालं.

मी लहान होते तेव्हा मेंढ्या नव्हत्या. समुद्रापासून डोंगराच्या खांद्यापर्यंत आम्हीच होतो. मग बोटी आल्या, लाकडी घर उभं राहिलं आणि मेंढ्या उतरल्या. त्यांच्या मागोमाग, ज्या उन्हाळ्यात आम्ही फुललो होतो त्याच उन्हाळ्यात, ओस्ला आली. गिडियन नावाच्या मेंढपाळाची नवी नवरी. दोघंही शेटलंडच्या लोकांतली. त्यांचं मूळ बेट जगाच्या दुसऱ्या टोकाला, पण वारा म्हणे असाच. तेव्हा मी उतारावर होते आणि मला किनारा दिसायचा. लाउरी नावाचा म्हातारा मेंढपाळ तिला पाठीवर घेऊन पाण्यातून येत होता. वाळूवर उतरवून तो म्हणाला,

"काय गं पोरी, परत जायचंय? जहाज अजून धूर सोडतंय. आत्ता हाक मारली तर ऐकू जाईल."

ती वर बघत होती. आमच्याकडे.

"काका, ते जांभळं काय आहे?"

"ते होय! रानगाजर. मेंढ्यांना फार आवडतं."

"मग राहते मी."

"मेंढ्यांना आवडतं म्हणून?"

"काका, तुम्ही बायको का केली नाहीत ते कळलं मला."

लाउरी इतका हसला की त्याला खोकला लागला. आणि मी? मला वाटलं, चला, आपल्याला बघून कुणीतरी राहिलं. मी वेडी होते.

मेंढ्यांनी आधी फुलं खाल्ली. मग पानं. पानं संपल्यावर खुरांनी उकरून मुळाचा गाभा. दर वर्षी कोकरं वाढत आणि दर वर्षी जांभळा पट्टा आखडत जाई. शेवटी उतारावर नुसतं आखूड गवत उरलं, न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखं. आम्ही काहीजण खडकांच्या फटींत अडकून राहिलो होतो म्हणून वाचलो.

ओस्लाला ते सहन झालं नाही. हे मात्र मी कबूल करते, कारण खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. एकदा लोकर कातरण्याच्या दिवसांत ती खडकाजवळ उभी राहून गिडियनशी भांडली.

"सगळा डोंगर खाल्ला तुझ्या मेंढ्यांनी!"

"माझ्या कुठल्या? मालकांच्या." गिडियन खाली मान घालून कात्रीला धार लावत होता. "आणि मेंढीनं गवत नाही खायचं तर काय खायचं? मटण?"

"हे गवत नाही. हे बघून मी इथे राहिले."

"मला वाटलं, मला बघून राहिलीस."

"तुला बोटीतून नीट दिसत नव्हतं तोंड. धुकं होतं."

लाउरी तिकडून ओरडला, "नशीब म्हणायचं गिडियनचं!"

गिडियन ओठ दाबून हसला, पण ओस्ला हसली नाही. ती म्हणाली, "मी ह्याचं बी धरणार आणि तारेचं कुंपण आलं की हा उतार परत जांभळा करणार. बघाच तुम्ही."

बोलली तशी ती कामाला लागली. शेटलंडची माणसं कोबीची रोपं वाऱ्यापासून आणि मेंढ्यांपासून राखायला एक गोल भिंत रचतात. चुना नाही, माती नाही, दारसुद्धा नाही. नुसते दगडावर दगड, छातीएवढे उंच. आत जायचं तर चढून जायचं. त्याला ते क्रब म्हणतात. ओस्लानं घरामागे असा क्रब बांधला आणि फटीफटींतून आम्हाला खणून आत आणून लावलं. माझं मूळ काढताना तिनं फावडं वापरलं नाही. हातांनी माती उकरली, नखं मोडेपर्यंत. तेवढ्या प्रेमानं मला कुणी कधी हात लावला नव्हता.

"कोबी लावायचा सोडून बाई गाजरगवत लावतेय," गिडियन म्हणाला. पण सर्वांत जड दगड त्यानंच आणून दिले.

भिंतीच्या आत मजा होती! वारा डोक्यावरून जायचा. समुद्री शेवाळ कुजवून ती आमच्या मुळाशी घालायची. पुढच्या बऱ्या उन्हाळ्यात आम्ही असे काही फुललो की लोकर न्यायला आलेल्या जहाजाच्या कप्तानानं टोपी काढली. "बाई, असलं फूल राजाच्या बागेत नसेल," असं म्हणाला तो. ओस्लाचे कान लाल झाले. माझ्या उजव्या बाजूला एक नर होता, दांडगा, जरा जास्तच मिरवणारा. माशी त्याच्यावरून माझ्याकडे, माझ्याकडून त्याच्याकडे. उन्हाळा सरता सरता माझ्या घोसात इतकं बी धरलं की मान वाकली.

ओस्लानं अर्धं बी उतारावर फेकलं. कुंपणाची तार काही आली नव्हती, पण तिला दम कुठे होता? बी रुजलं, बोटभर झालं आणि मेंढ्यांनी टिपून टिपून खाल्लं. उरलेलं अर्धं तिच्याकडून घरात ओलं झालं आणि बुरसलं. ती रडली नाही. म्हणाली, "काही हरकत नाही. झाडं आहेत ना. पुढच्या खेपेला दुप्पट बी काढू."

आणि मग, मित्रांनो, दुप्पट बी काढण्यासाठी तिनं ते केलं.

तिच्या आईची शिकवण होती, कोबीची. बी धरेल ते ठेव, नुसतं मिरवेल ते उपट. जागा थोडी, खत थोडं, रिकामटेकड्यांना कशाला पोसायचं? कोबीच्या बाबतीत आई शंभर टक्के बरोबर होती. कोबीच्या एकाच फुलात सगळं असतं. मी कोबी नव्हते.

थंडीच्या तोंडावर ओस्ला भिंतीवरून आत उतरली. लाउरी बाहेर भिंतीला टेकून पाइप ओढत होता. ती एकेका झाडाचा वाळका घोस हातावर चोळून बघत होती. बी निघालं की पुढे. नाही निघालं की मुळाला हात.

"ही का गं उपटतेस? चांगली दांडगी आहेत की," लाउरीनं विचारलं.

"दिसायला दांडगी. फुलतात भारी, पदरात काही नाही."

"म्हणजे माझ्यासारखी."

"तुम्हालासुद्धा उपटलं असतं काका, पण मेंढ्या कोण वळवणार?"

दोघं हसत होते. हसत हसत तिनं माझ्या उजवीकडच्याला मुळासकट ओढलं. सहजासहजी निघेना. माझी मुळं त्याच्या मुळांत गुंतली होती. तीही तटातटा तुटली. मी ओरडले. ओरडले म्हणजे काय, पानं थरथरवली. ती म्हणाली, "आज वारा क्रबमध्येही शिरतोय."

सगळे नर भिंतीबाहेर ढिगात पडले. एकही ठेवला नाही. बाईंचं काम चोख! गिडियन आला, ढीग बघितला आणि म्हणाला, "मेंढ्याला घाल. आता त्याला कळपात सोडायचे दिवस आले. जरा ताकद येऊ दे."

त्या मेंढ्याचं नाव त्यांनी 'जमीनदार' ठेवलं होतं, कारण तो काही काम न करता खायचा. काय त्याचे लाड! तो आला तेव्हा जहाजात त्याच्यासाठी गवताची गादी घातलेला खोका होता. त्याला सर्दी झाली तर लाउरी त्याला गरम साखरपाणी पाजायचा. का? तर सगळ्या कळपाची पुढची पिढी त्याच्यावर अवलंबून. हे त्या तिघांना झोपेतसुद्धा ठाऊक होतं. आणि तोच जमीनदार भिंतीपलीकडे उभा राहून माझे नवरदेव खात होता. मला त्याचा जबडा दिसत नव्हता, पण आवाज येत होता. करकर, करकर. आणि वास. चुरगळलेल्या आमच्या पानांचा वास.

काही देशांत म्हणे माणसं मुली नकोत म्हणतात. इथे मुलगे उपटले. दोन्हीकडचं गणित सारखंच कच्चं.

पुढच्या खेपेला आम्ही बायकाच फुललो. क्रबभर जांभळं! ओस्ला रोज यायची, टोपली घेऊन तयार. माश्या आल्या, शेकल्या, रिकाम्या पायांनी गेल्या. उन्हाळा सरला. ओस्लानं घोस चोळला. हातावर नुसता भुसा. दुसरा घोस, भुसा. तिसरा, भुसा. तिला वाटलं, खत कमी पडलं. तिनं मासळीची डोकी पुरली, मेंढ्यांची लेंडी घातली, हाडं कुटून घातली. आम्ही नुसत्या फुगलो, पानं सुपाएवढी झाली. एकदा ती माझ्यापुढे बसली, माझी दोन पानं धरून मला गदागदा हलवलं आणि म्हणाली, "काय कमी केलं गं तुला? खाऊन खाऊन नुसती वांझ झालीस!"

तो शब्द मला फार लागला. ज्यानं घर लुटलं त्यानंच दारात येऊन विचारावं, घरात काही शिजत कसं नाही?

त्यानंतर आणखी पाच-सहा वर्षं गेली. ओस्लाच्या केसांत पांढरं आलं. कुंपणाची तार आलीच नाही, दर जहाजाला मालकांचा निरोप यायचा: लोकरीला भाव नाही, पुढच्या वर्षी बघू. ओस्लाचं येणं कमी झालं. यायची ती भिंतीचा एखादा निसटलेला दगड बसवायला. बोलायची नाही. मीही रुसले होते.

मग एका उन्हाळ्यात आम्ही पुन्हा फुललो. ओस्ला सवयीनं आत उतरली होती, माझ्या घोसावर हात फिरवत होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून गिडियनचा आवाज आला.

"जमीनदार गेला."

"गेला म्हणजे?" लाउरी म्हणाला.

"उत्तरेच्या कड्यावरून खाली. कड्याच्या पोटात एक जांभळा घोस फुललाय, त्याच्यासाठी मान लांब केली असणार. म्हातारा झाला तरी खाणं सुटेना."

लाउरीनं पाइप भिंतीवर आपटला. "झालं! म्हणजे पुढच्या वर्षी एक कोकरू नाही. एवढ्या मेंढ्या, सगळ्या धडधाकट, खाऊन पिऊन टुम्म, आणि एक नर नाही तर सगळं शून्य."

ओस्लाचा हात माझ्यावर थांबला.

"काका, परत म्हणा."

"काय परत म्हणू?"

"आत्ता म्हणालात ते."

"नर नाही तर शून्य. ह्यात काय नवीन? तू काय काल आलीस का खडकावर?"

ती आपल्या बाहीकडे बघत होती. मग तिनं मुद्दाम बाही माझ्या फुलांवर घासली. पुन्हा बघितली. शेजारणीच्या फुलांवर घासली.

"त्या वेळी माझी बाही पिवळी व्हायची," ती हळूच म्हणाली.

"कुठल्या वेळी?"

"मी उपटलेली ती झाडं. त्यांना हात लावला की पिवळी धूळ यायची. धुतली तरी जायची नाही. ह्यांना काही नाही. कोरडी आहेत ही."

लाउरी हसला. "मग? गाजरालाही मेंढा लागतो होय? आता पाद्रीबाबाही बोलवू लग्नाला?"

कुणी हसलं नाही. गिडियननं भिंतीवरून डोकं वर काढून तिच्याकडे बघितलं. ती मातीत बसली होती. "मी त्याला खायला घातले रे," ती म्हणाली. "माझ्या हातानं. सगळेच्या सगळे."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं. नाही वाटलं. ज्यांचा जन्म नर-मादीचं बघण्यात गेला, मेंढा कधी सोडायचा, किती दिवस ठेवायचा, कुठलं कोकरू राखायचं, हे ज्यांच्या बोटांवर, त्यांना आपल्याच परसात ते दिसू नये? दिसलं नाही, कारण मेंढीला डोळे असतात आणि ती ओरडते. झाड ओरडत नाही, म्हणून त्याला संसारच नाही असं ते धरून चालले.

पण अजून एक होता! कड्याच्या पोटात, जिथे मेंढीचं तोंड पोचत नाही तिथे. ओस्ला जाऊन पालथी पडून बघून आली. परत आली ती धावत, धापा टाकत, आणि लाल झालेल्या डोळ्यांनी मला म्हणाली, "नर आहे. पिवळा आहे. थांब तू."

थांबले. दुसरं काय करणार, मूळ आहे मला.

नेमकं त्याच दिवशी जहाज आलं. ह्या खेपेला त्यात पीठ नव्हतं, चहा नव्हता, तारेचं कुंपण तर नव्हतंच. मालकांचा हुकूम होता: धंदा बंद. माणसं परत आणा, मेंढ्या राहू देत, त्यांना न्यायचा खर्च परवडत नाही. सकाळी भरती येताच निघायचं. घरात बांधाबांध सुरू झाली, आणि ओस्ला दोर घेऊन क्रबच्या भिंतीशी गिडियनच्या पुढ्यात उभी.

"वेडी झालीस? सकाळी जहाज सुटणार, आणि मी गाजरासाठी कड्यावर लोंबकळू?"

"मेंढ्यासाठी लोंबकळला असतास की नाही?"

गिडियननं भिंतीचा एक दगड उगाच नीट बसवला.

"तुझा आजा पक्ष्यांच्या अंड्यांसाठी कडे उतरायचा असं लग्नाच्या आधी मला सारखं सांगत होतास. आजा उतरायचा, तू नुसतं सांगायचास?"

"दे तो दोर," गिडियन म्हणाला.

लाउरी म्हणाला, "मी धरतो वरून. पण पडलास तर सांगून पड. माझी पाठ दुखते."

ते गेले. कड्यावर काय झालं ते मला दिसलं नाही. ते परत आले तेव्हा त्यांच्या बोलण्यातून कळलं. गिडियन भिंतीवरून आत उतरला. गुडघे फुटलेले, सदरा फुगलेला. सदऱ्यातून त्यानं एक घोस काढला. चुरगळलेला, अर्धा झडलेला. पण पिवळा.

"झाड?" ओस्लानं विचारलं.

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "पाय ठेवायला जागा नव्हती. मुळावर पाय पडला. सगळंच निसटलं. खाली गेलं."

"समुद्रात?"

"समुद्रात."

ऐकलंत? बेटावरचा शेवटचा नर, मेंढ्यांच्या बापाला जो पुरून उरला, तो वाचवायला गेलेल्या माणसाच्या बुटाखाली गेला. ह्यावर मी काय बोलू!

ओस्ला लगेच कामाला लागली. तिनं कोकराच्या मऊ लोकरीचा पुंजका घेतला, पिवळ्या धुळीत घोळवला आणि आमच्या फुलांवरून फिरवू लागली. माझ्या शेजारणींची फुलं उमलून सुकलीही होती. माझे दोन घोस सरले होते, एक कसाबसा ताजा होता. वाऱ्यानं धूळ उडू नये म्हणून गिडियन आपला कोट आडवा धरून उभा. लाउरी दुसऱ्या बाजूनं टोपी आडवी धरून. जी गोष्ट माशी फुकटात करायची, ती करायला तीन माणसं, एक दोर आणि एक जीव लागला.

उजाडताच जहाजाचा भोंगा वाजला. ओस्लानं भिंतीवर आणखी एक थर दगड चढवले, घाईघाईनं. मग माझ्याजवळ वाकून म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही गं."

मी सांगत होते. तिनं ज्या दिवशी मुळाला हात घातला त्या दिवशी सांगत होते.

ती गेली. तिनं मागे वळून पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. तिनं बांधलेल्या भिंतीतून मला काहीच दिसत नाही.

माझ्या त्या एका घोसात बी धरलं. मूठभरही नाही, चिमूटभर. वाऱ्यानं ते दूर न्यायला हवं होतं, डोंगरावर, फटींत. पण भिंत होती. सगळं माझ्याच पायाशी पडलं. काही कुजलं, काही माझ्याच पानांच्या सावलीत गुदमरलं. काही रुजलं.

मेंढ्यांचं म्हणाल तर त्या संपल्या नाहीत. माणसं गेली त्याच्या आदल्या साली एक कोकरू खच्ची करायचं राहून गेलं होतं. एकच. ते मोठं झालं, आणि आता बाहेर पुन्हा ढीगभर मेंढ्या आहेत. त्यांना एक पुरला. माणसांनी माझ्यासाठी एक ठेवला असता तर मलाही पुरला असता.

ओस्लानं घाईत चढवलेला थर आधी ढासळला. त्याच्या वजनानं खालचे दगड सरकले आणि समुद्राच्या बाजूला एक फट पडली. पहिल्यांदा मेंढीचं नुसतं नाक आलं. मग डोकं. शेजारणी गेल्या, एकेक करून. रोपंही गेली. भिंतीच्या सावलीत, माझ्या मागे, एक राहिलं आहे. माझं पोर. त्याला पाचसहा पानं आली आहेत. मुलगा आहे की मुलगी, मला माहीत नाही. पहिल्यांदा फुलेल तेव्हाच कळेल, आणि त्याला अजून वर्षं आहेत. मुलगा निघाला तर आमच्या घराण्याचं बी ह्या बेटावर एकदा तरी पुन्हा धरेल. मुलगी निघाली तर आम्ही दोघी भारी फुलू, आणि माश्या येऊन शेकून जातील.

मित्रांनो, मला उपदेश करायचा कंटाळा आहे, पण तुमच्या हातात खुरपं असतं म्हणून सांगते. मला मेंढ्यांनी खाल्लं, त्यांचा राग नाही. त्या भुकेल्या होत्या. मला घाव बसला तो माझ्यावर जीव टाकणाऱ्या हाताचा. कुणाला जपायचं असेल तर आधी त्याच्याजवळ पुष्कळ दिवस गप्प बसा. ते कसं जगतं, कुणाच्या जिवावर जगतं, ते बघा. जे तुम्हाला बिनकामाचं दिसतं, ते कुणाच्या कामाचं आहे ते त्या कुणालातरी विचारा. आणि उत्तर ऐकू येत नसेल तर उपटू नका. थांबा. तेवढंच करा. फार मोठं काम नाही ते, पण अजून कुणाला जमलेलं दिसत नाही.

आता मला कामं आहेत. फटीतून काल पुन्हा एक मेंढी डोकावून गेली. आज येईल, नाही तर उद्या. मी ह्या वर्षी फुलणार नाही. सगळी ताकद पानांत घातली आहे आणि पानं फटीच्या बाजूला वाढवते आहे, शक्य तितकी मोठी, शक्य तितकी रसाळ. तिनं आत यावं, आधी मला बघावं, आणि माझ्यावरच तिचं पोट भरावं.